आठ ग्लास पाण्याचा माग : एका शोधाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

कामाला सुरुवात. ‘दिवसाला किमान आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं’ हे वाक्य जगभर छापलं जातं, शिकवलं जातं, डॉक्टरांच्या तोंडी घातलं जातं. ते कुठून आलं हे मूळ कागदापर्यंत जाऊन बघायचं आहे. तयार उत्तर कुठेतरी मिळेलही, पण आपल्याला वाट हवी आहे. प्रत्येक शोध कोणत्या शब्दांत घेतला, कुठे घेतला, हाती काय लागलं आणि काय निसटलं, हे सगळं इथे उतरवायचं. हीच पद्धत पुढच्या दाव्यांना लावायची आहे, आणि नव्याने कामात येणाऱ्याला ही वही वाचून तोच शोध पुन्हा घेता आला पाहिजे.

एक सूचना आताच लिहून ठेवतो. वहीत ऑपरेटर (शोधाला अट घालणारे खास शब्द आणि चिन्हं) आणि इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. शोधपट्टीत ते रोमन अक्षरांत टाइप करायचे, आणि कोलननंतर जागा सोडायची नाही. जागा सोडली की ऑपरेटर साधा शब्द होऊन बसतो.

पहिला शोध मुद्दाम साधा घेतला, कुठलंही चिन्ह न लावता. आरोग्यविषयक लेखांची रांग लागली. एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा ‘तज्ज्ञ सांगतात’ म्हणून मोकळा होतो. वर आलेलं पान सर्वांत जुनं नसतं, सर्वांत जास्त वाचलं गेलेलं किंवा सर्वांत नीट सजवलेलं असतं. शिवाय गूगलने २०१५ मध्ये रँकब्रेन आणि २०१९ मध्ये बर्ट या अर्थ लावणाऱ्या प्रणाली आणल्यापासून शोधयंत्र आपल्या शब्दांपेक्षा आपल्या आशयाकडे जास्त बघतं. रोजच्या कामाला ते बरं. पण आपल्याला नेमका एक जुना मजकूर हवा असताना ते शब्द सैल करतं, समानार्थी शब्द घुसवतं, एखादा शब्द सोडूनही देतं.

७ जानेवारी

अवतरणचिन्हांपासून सुरुवात.

“एट ग्लासेस ऑफ वॉटर”

गठ्ठा कमी झाला, दर्जा फारसा सुधारला नाही. तरी अवतरणचिन्हांबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एक, गूगल अवतरणातल्या विरामचिन्हांना पुष्कळदा रिकामी जागाच समजतं, त्यामुळे स्वल्पविराम किंवा टिंबावर भिस्त ठेवू नये. दोन, जुळलेला मजकूर पानावर डोळ्यांना दिसेलच असं नाही. तो चित्राच्या वर्णनात, पत्त्यात किंवा पानाच्या लपलेल्या माहितीत असू शकतो. तीन, यंत्राने पान पाहिलं तेव्हा मजकूर होता आणि नंतर बदलला, असंही होतं. ऑगस्ट २०२२ पासून गूगल निकालाखालच्या उताऱ्यात अवतरणातला मजकूर जिथे आहे तोच भाग दाखवतं, त्यामुळे पान न उघडता बरीच चाळणी होते.

संपूर्ण शोध शब्दशः हवा असेल तर साधनांच्या यादीत ‘व्हर्बेटिम’ हा पर्याय आहे. २०११ पासूनचा, तरी फार थोड्यांना माहीत. मे २०२४ मध्ये आलेली ‘वेब’ ही गाळणीही लावून ठेवली. वरचे तयार सारांश आणि चित्रं जाऊन नुसत्या दुव्यांची यादी उरते, आणि या कामात तेवढीच हवी.

उणे चिन्हाने ‘मिथ’ (दंतकथा) हा शब्द असलेली पानं वगळून पाहण्याची सूचना सहकाऱ्याकडून आली. मी ती घेतली नाही. दाव्याचं खंडन करणारी पानंच त्याने आधी जातील, आणि मुळाचा शोध घेण्याचे कष्ट बहुतेक वेळा खंडन करणाऱ्यानेच घेतलेले असतात. उणे चिन्ह लावण्याआधी प्रत्येक वेळी हे विचारायचं : हा शब्द वापरणारं चांगलं पान कसं असेल?

९ जानेवारी

आजचा विषय काळ. गूगलवर ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ हे ऑपरेटर २०१९ मध्ये आले. वर्ष किंवा वर्ष-महिना-दिवस अशी तारीख देता येते.

“एट ग्लासेस ऑफ वॉटर” बिफोर:२००२

वरवर पाहता मुळाकडे जाण्याचा हा सरळ रस्ता वाटतो, पण तो तसा नाही. हे ऑपरेटर पानाची तारीख बघतात, मजकुराची नव्हे. १९४५ चा अहवाल कोणी २००९ मध्ये स्कॅन करून चढवला तर यंत्राच्या लेखी तो २००९ चा. उलट, जुनी तारीख छापलेलं पान काल बदललेलं असू शकतं. बरीच पानं तर स्वतःची तारीख सांगतच नाहीत, तिथे यंत्र अंदाज बांधतं. आणि जालच मुळात १९९० च्या दशकातलं, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी ‘बिफोर’ निरुपयोगी.

मग त्याचा उपयोग कुठे? दावा जालावर कोणत्या काळात कोणत्या रूपात फिरत होता हे बघायला. आणि एखाद्या मोठ्या बातमीने सगळे निकाल व्यापून टाकले असतील तर तिच्या आधीचं जग वेगळं काढायला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शरीरातल्या पाण्याच्या उलाढालीवर मोठा अभ्यास आला : २३ देश, ५,६०४ माणसं, ८ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या व्यक्तीपर्यंत. व्यक्तीव्यक्तीत इतका फरक दिसला की सर्वांना एकच आकडा लागू होणार नाही. त्यानंतरच्या पानांवर याच अभ्यासाच्या बातम्यांची दाटी. ‘बिफोर:२०२२-११-०१’ लावलं की जुनी चर्चा परत दिसू लागते.

१० जानेवारी

आज धागा सापडला. सर्वसाधारण शोध सोडून गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर गेलो. तिथे ‘ऑथर’ हा ऑपरेटर चालतो, आणि प्रत्येक लेखाखाली तो कोणी उद्धृत केला याची यादी असते. त्या यादीच्या आतही शोध घेता येतो. या सोयीची किंमत फार आहे.

हाइन्झ व्हॅल्टिन हे डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातले, मूत्रपिंडाचे अभ्यासक. त्यांनी २००२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजीत याच प्रश्नावर दीर्घ परीक्षण लिहिलं. निरोगी, समशीतोष्ण हवामानात राहणाऱ्या, फारसं अंगमेहनतीचं काम नसलेल्या प्रौढांसाठी आठ ग्लासांच्या नियमाला वैज्ञानिक पुरावा सापडला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या लेखात दोन संभाव्य उगम पुढे येतात : अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या अन्न व पोषण मंडळाची १९४५ ची शिफारस, आणि पोषणतज्ज्ञ फ्रेडरिक स्टेअर यांचं १९७० च्या दशकातलं लेखन. व्हॅल्टिन यांनी उगम ठामपणे सिद्ध झाला असं म्हटलेलं नाही. आपणही ‘संभाव्य’ हा शब्द कुठेच गाळायचा नाही.

डिसेंबर २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्रीमन आणि कॅरल यांनी वैद्यकीय समजुतींवर जो लेख लिहिला, त्यातही हाच १९४५ चा संदर्भ आहे, आणि त्यांनी तो पुरता दिलाय : रीप्रिंट अँड सर्क्युलर मालिका, क्रमांक १२२, ऑगस्ट १९४५, पाने ३ ते १८. शोधणाऱ्यासाठी मालिकेचं नाव आणि क्रमांक हे घबाडच. विषयाचे शब्द हजार ठिकाणी असतात, मालिकेचं नाव आणि क्रमांक एकत्र फार थोड्या ठिकाणी.

१३ जानेवारी

आज शोध कमी, विचार जास्त. पण या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या आठवड्यात आपण ‘आठ ग्लास’ शोधत होतो. १९४५ ची वैज्ञानिक समिती ‘ग्लास’ लिहील का? ती लिटर, मिलिलिटर, उष्मांक लिहील. ‘प्यावं’ असं न म्हणता ‘पुरेसं दैनिक प्रमाण’ म्हणेल. म्हणजे ज्या शब्दांत प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचला, ते शब्द उगमाच्या कागदावर असण्याची शक्यता कमीच. अवतरणचिन्हं कितीही काटेकोर लावली तरी चुकीचे शब्द काटेकोरपणे शोधले तर ते काटेकोरपणे सापडत नाहीत, एवढंच होतं.

यावर जुना आणि दणकट पुरावा आहे. १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी एका मोठ्या खटल्याच्या कागदपत्रांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४०,००० दस्तऐवज, जवळपास ३,५०,००० पाने, आणि त्यांवर आयबीएमची पूर्ण-मजकूर शोधप्रणाली. वकिलांना उपयोगाच्या कागदांपैकी ७५ टक्के तरी हवे होते, आणि तेवढे मिळालेत अशी त्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात मिळाले होते सुमारे २० टक्के. कारण ऑपरेटर चुकले असं नाही. वकील ‘अपघात’ शोधत होते, आणि ज्यांच्यावर खटला होता त्यांच्या पत्रांत त्याच घटनेला ‘दुर्दैवी परिस्थिती’ किंवा ‘अडचण’ म्हटलं होतं. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून बोलत होता.

म्हणून इथून पुढे आपण उत्तर शोधायचं नाही, कागद शोधायचा. शोधपट्टीला हात लावण्याआधी तो कागद डोळ्यांसमोर उभा करायचा. कोणी लिहिला असेल? त्या माणसाच्या तोंडचे शब्द कोणते? मथळा काय असेल? तो आज कुठे ठेवलेला असेल आणि कोणत्या रूपात? ऑपरेटर ही याच प्रश्नांची उत्तरं आहेत. लेखकाचे शब्द अवतरणात जातात, मथळ्याचा अंदाज ‘इनटायटल’मध्ये, ठिकाण ‘साइट’मध्ये, रूप ‘फाइलटाइप’मध्ये. कागदाची कल्पना धूसर असेल तर एकही ऑपरेटर मदत करत नाही. ती स्पष्ट असेल तर दोन पुरतात.

१४ जानेवारी

कालच्या विचाराची परीक्षा. कागद असा कल्पिला : सरकारशी जोडलेली वैज्ञानिक संस्था, छापील पुस्तिका, मथळ्यात ‘डाएटरी अलाउन्सेस’, मजकुरात पाणी आणि लिटर, आज कुठल्या तरी ग्रंथालयाने केलेला स्कॅन.

“डाएटरी अलाउन्सेस” १९४५ “सर्क्युलर सीरिज” फाइलटाइप:पीडीएफ

“अलाउन्स ऑफ वॉटर” लिटर्स साइट:आर्काइव्ह डॉट ऑर्ग

पहिल्याने संदर्भयाद्या दिल्या, म्हणजे त्या पुस्तिकेचा उल्लेख करणारे लेख. दुसऱ्याने नंतरच्या आवृत्त्यांचे माग दिले. प्रत्यक्ष पान नाही. इथे दोन अडथळे कळले, आणि ते कुठल्याही जुन्या कागदाला लागू आहेत.

पहिला अडथळा अक्षरओळखीचा. स्कॅनचा मजकूर यंत्राने वाचलेला असतो. रोमनमध्ये ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की यंत्र त्यांचं ‘एम’ करतं. अडीचमधला दशांशाचा टिंब पुसट असला की २५ होतात, किंवा अडीच अपूर्णांकात छापलेले असतात. ओळीच्या शेवटी शब्द तुटून पुढच्या ओळीवर गेला की अवतरणातलं वाक्य जुळत नाही. म्हणून जुन्या कागदासाठी अवतरण छोटं ठेवायचं, दोन-तीन शब्दांचं, आकडे टाळून. लांब वाक्य अवतरणात घालणं नव्या पानांसाठी ठीक.

दुसरा अडथळा असा की सगळं जाल शोधयंत्राच्या सूचीत नसतं. ग्रंथालयांचे कॅटलॉग आणि संग्रह स्वतःच्या शोधखिडकीमागे असतात. काही संस्थळं रोबोट्स फाइलने यंत्राला बाहेर थांबवतात, काही पानांवर सूचीत न घेण्याची खूण असते. ‘साइट’ लावून काही मिळालं नाही याचा अर्थ ते तिथे नाही असा मुळीच होत नाही. तिथे जाऊन त्यांच्याच खिडकीत शोधायचं. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयात साध्या शोधात फक्त वर्णनं तपासली जातात, आतला मजकूर तपासण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात तर जे खंड वाचायला खुले नाहीत त्यांच्याही मजकुरात शोध घेता येतो. वाक्य दिसत नाही, पण ते कोणत्या पानावर आहे हे कळतं. पानाचा क्रमांक हाती आला की ग्रंथालयाला नेमकं एक पान मागता येतं. तशी मागणी आज पाठवली.

१६ जानेवारी

व्रीमन आणि कॅरल यांच्या लेखात १९४५ चा उतारा जसाच्या तसा दिलेला आहे. त्याचा आशय असा : प्रौढांसाठी बहुतेक परिस्थितीत दिवसाला २.५ लिटर पाणी हे योग्य प्रमाण, सर्वसाधारण हिशेब म्हणजे अन्नाच्या प्रत्येक उष्मांकामागे १ मिलिलिटर, आणि यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातच असतं.

तिसरं वाक्य वाचून थांबलो. सगळा फरक त्या वाक्यात आहे. अन्नातलं पाणी धरून अडीच लिटर आणि वरून अडीच लिटर पिणं, या दोन वेगळ्या गोष्टी. ते वाक्य गळालं की शिफारशीचा नियम होतो.

ते खरंच गळत गेलं का, हे ऑपरेटरनेच तपासता येतं :

“अलाउन्स ऑफ वॉटर” “२.५ लिटर्स” -“प्रिपेअर्ड फूड्स”

आणि मग उणे चिन्ह काढून तोच शोध. दोन याद्या शेजारी ठेवून पानं वाचली. पहिल्या यादीत पहिलं वाक्य उचलून तिसरं सोडून देणारी पानं निघाली. काही पानांनी तिसरं वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं, म्हणून ती उणे चिन्हातून सुटून या यादीत आली. त्यांना गाळलं. हे हातानेच करावं लागतं. वगळण्याच्या ऑपरेटरला फक्त शब्द कळतात, प्रामाणिकपणा कळत नाही.

यंत्र सांगतं तो ‘सुमारे इतके निकाल’ हा आकडा मी कुठेही नोंदवलेला नाही, आणि कोणी नोंदवू नये. तो अंदाज असतो, पुढच्या पानांवर गेलं की बदलतो, आणि शेवटपर्यंत गेलं तर प्रत्यक्षात काहीशेच दुवे मिळतात. ‘अमुक लाख पानांवर हा दावा आहे’ असं वाक्य त्यावरून लिहिणं म्हणजे नवी दंतकथा सुरू करणं.

हिशेबाचीही एक गोष्ट. आठ औंसांचा एक ग्लास म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर. आठ ग्लासांचे सुमारे १.९ लिटर होतात, अडीच नव्हे. म्हणजे १९४५ चा कागद हा आठ ग्लासांचा थेट जनक म्हणता येत नाही. मध्ये आणखी कोणीतरी आहे.

१७ जानेवारी

‘फाइलटाइप’ला तक्त्याच्या फाइलींचा प्रकार देऊन शोधताना एका संस्थेची नावं-फोन नंबर असलेली फाइल निकालात दिसली. उघडली नाही, संस्थेला कळवलं. हे ऑपरेटर अशा उघड्या राहिलेल्या गोष्टीही दाखवतात. जॉनी लाँग यांनी २००२ च्या सुमारास अशा शोधांचा संग्रह करायला घेतला, आणि संरक्षण करणारे लोक आजही तो वापरतात. आपला नियम साधा : माणसांची खासगी माहिती दिसली तर उघडायची नाही, उतरवायची नाही, मालकाला सांगायचं.

२० जानेवारी

पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची सूची. इथला शोध जालावरच्या शोधासारखा नाही, आणि तोच शोध तसाच इथे आणून टाकला तर वेगळंच काही मिळतं. ‘किंवा’साठीचा ऑर घ्या. बिंगवर त्याचा अग्रक्रम सर्वांत शेवटचा, म्हणून कंसात घालावा लागतो. गूगलवर तो लगतच्या पदांना बांधतो, आणि मोठ्या रोमन अक्षरांतच लिहावा लागतो. पबमेड डावीकडून उजवीकडे जसं येईल तसं सोडवतं. म्हणजे ‘पाणी ऑर द्रव अँड मूत्रपिंड’ या एकाच ओळीचे तीन ठिकाणी वेगवेगळे अर्थ होऊ शकतात. आपल्या वहीतल्या प्रत्येक शोधात कंस घालायचेच, यंत्र ते मानो न मानो. वाचणाऱ्या माणसाला तरी हेतू कळतो.

पबमेडची खरी ताकद वेगळी आहे. तिथे लेखांना माणसांनी आखलेल्या शब्दसूचीतली विषयनावं जोडलेली असतात. १३ तारखेला लिहिलेल्या अडचणीवरचा हा सर्वांत जुना उपाय : लेखक काहीही म्हणो, सूचीत एकच नाव. द्रव पिण्यासाठी वेगळं नाव, मद्यपानासाठी वेगळं, त्यामुळे इंग्रजीत एकाच शब्दाने होणारी गल्लत टळते. पण अगदी नव्या लेखांना ती नावं लागलेली नसतात, म्हणून मथळा आणि सारांशातले शब्दही सोबत शोधावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून इथे शब्दांमधलं अंतरही सांगता येतं. आठ आणि ग्लास हे शब्द तीन-चार शब्दांच्या अंतरात हवेत, असं.

२२ जानेवारी

स्टेअर. १९७४ मध्ये त्यांनी मार्गारेट मॅकविल्यम्स यांच्यासोबत लिहिलेल्या पोषणाच्या पुस्तकात सरासरी प्रौढाला दिवसाला साधारण ६ ते ८ ग्लास, असं आहे. इथे पहिल्यांदा आपल्याला ग्लास भेटतो. पण पुढे लगेच लिहिलंय की हे कॉफी, चहा, दूध, शीतपेयं, बिअर अशा रूपात चालेल, आणि फळं-भाज्यांतूनही पाणी मिळतं. त्याच उताऱ्यात असंही आहे की पाण्याचं प्रमाण शरीर स्वतःच नीट सांभाळतं. म्हणजे पुन्हा तेच : आकडा टिकला, अट गळाली.

अंतराच्या ऑपरेटरचा इथे उपयोग झाला. ‘६ ते ८’ हे कोणी ‘सिक्स टू एट’ लिहितं, कोणी ‘सिक्स ऑर एट’, मध्ये कोणी ‘लार्ज’ घालतं. अवतरण इथे फार कडक. बिंगवर ‘निअर’ आणि पुढे आकडा, गूगलवर ‘अराउंड’ आणि कंसात आकडा :

सिक्स अराउंड(३) ग्लासेस “स्टेअर”

‘अराउंड’वर विसंबून निष्कर्ष काढू नये. गूगल तो कितपत पाळतं हे शोधागणिक बदलतं. एका यंत्रावर काही दिसलं तर दुसऱ्यावर ताडून पाहायचं. १९९० च्या दशकात अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्रावर ‘निअर’ म्हणजे दहा शब्दांच्या आत, इतकं स्वच्छ होतं. तसं सांगता येण्याची मला आज फार उणीव भासते.

२४ जानेवारी

आपल्या यादीतले काही दुवे मेले आहेत. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवलं की २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नाहीत. त्यामुळे आजपासून पान वाचलं की त्याच दिवशी वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहात जतन करायचं, आणि वहीत जतन केलेला पत्ता लिहायचा.

वेबॅकमध्ये मूळ संस्थळाच्या पत्त्यापुढे तारका लावली की त्या संस्थळाची जतन झालेली सगळी पानं दिसतात. पत्त्यातला एखादा शब्द टाकून यादी गाळता येते. एका आरोग्यविषयक पानाच्या जुन्या प्रती वर्षावर्षाने उघडून पाहिल्या. आधी ‘आठ ग्लास’ ठामपणे होतं, मग ‘साधारणपणे’ आलं, मग अन्नातल्या पाण्याचा उल्लेख. कुठेही दुरुस्तीची नोंद नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये एकूण पाण्याचे आकडे दिले, पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर, त्यातलं सुमारे २० टक्के अन्नातून. या बदलांमागे तो अहवाल असावा, पण पानावर तसं लिहिलेलं नाही, म्हणून आपणही ठरवून टाकत नाही.

२७ जानेवारी

मराठीत हा दावा शोधला. इथे ऑपरेटरांपेक्षा लिपीच आडवी येते, आणि त्यावर फारसं कोणी लिहीत नाही.

‘८ ग्लास’, इंग्रजी आकडा घालून ‘ग्लास’, ‘आठ ग्लास’, ‘आठ पेले’ हे सगळे अवतरणात वेगळे शोध आहेत. एकत्र घ्यायचे तर प्रत्येकाला वेगळं अवतरण आणि मध्ये ऑर. दिसायला सारखी अक्षरं आतून वेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) २००८ मध्ये आलं. त्याआधीचं आणि नंतरचंही पुष्कळ लेखन अ-वर चंद्र देऊन केलेलं आहे, आणि यंत्राला ती दोन वेगळी अक्षरं वाटू शकतात. ‘ऱ्य’मधल्या र-चंही तसंच. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचा असतो, त्यामुळे देवनागरीत शोधून तो सापडतच नाही.

पीडीएफमध्ये आणखी एक अडचण. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, साठवली जाते अक्षरानंतर. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना हा क्रम अनेकदा बिघडतो, आणि जोडाक्षरं तुटतात. म्हणून मराठी पीडीएफ शोधताना ज्यांत ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नाही असे शब्द निवडायचे. ‘पाणी’ चालतो, ‘दिवस’ दगा देतो, ‘ग्लास’ तर जोडाक्षरामुळे बेभरवशाचा. ‘आठ’, ‘पाणी’, ‘रोज’ आणि सोबत ‘फाइलटाइप:पीडीएफ’ या साध्या जोडणीने जे मिळालं ते कुठल्याही नेमक्या अवतरणाने मिळालं नव्हतं.

२९ जानेवारी

या कामात जे ऑपरेटर वापरता आले असते पण आता नाहीत, त्यांची नोंद. जुनी मार्गदर्शक पानं ते अजून शिकवतात आणि नवा माणूस त्यांत वेळ घालवतो. गूगलवर अधिक चिन्ह २०११ मध्ये गेलं, समानार्थी शब्दांसाठीचं नागमोडी चिन्ह २०१३ मध्ये, ‘लिंक’ २०१७ मध्ये, ‘रिलेटेड’ २०२३ मध्ये, ‘कॅशे’ २०२४ मध्ये. शेवटच्याचं नुकसान मोठं. गूगलने त्यानंतर ‘या पानाबद्दल’ या भागात वेबॅक मशीनचा दुवा दिला, ते बरं झालं.

मेलेला ऑपरेटर चूक दाखवत नाही. यंत्र त्याला साधा शब्द समजून काहीतरी निकाल देतंच. म्हणून प्रत्येक शोधापुढे यंत्राचं नाव आणि तारीख लिहिणं सक्तीचं. आणि ऑपरेटर चालतो का याची चाचणी आधी अशा पानावर घ्यायची, जे अस्तित्वात आहे हे आपल्याला माहीत आहे.

३ फेब्रुवारी

ग्रंथालयाकडून १९४५ च्या पुस्तिकेचं पान आलं. पाण्याचा परिच्छेद तिथे आहे, तिन्ही वाक्यांसह, आणि व्रीमन आणि कॅरल यांनी दिलेला उतारा त्याच्याशी जुळतो. छापील कागद समोर असताना शेवटचं वाक्य इतकं उघड दिसतं, की ते गाळणाऱ्यांनी कागद पाहिलाच नसावा असं मला वाटतं. एकाने दुसऱ्याचं उचललं असणार.

अहवालात उगमाबद्दल लिहायचं ते असं : १९४५ चा मजकूर आणि १९७४ चा मजकूर हे दोन संभाव्य स्रोत, दोन्हींत अन्नातलं किंवा इतर पेयांतलं पाणी धरलेलं, आणि ‘आठ ग्लास नुसतं पाणी’ हे दोन्हींत नाही. ते पहिल्यांदा कोणी लिहिलं ते अनिर्णित.

५ फेब्रुवारी

पुढचा दावा उघडला : रोज १०,००० पावलं. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या जामा इंटर्नल मेडिसिनमधल्या लेखात धागा आहे. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने विकलेल्या पावलं मोजण्याच्या उपकरणाचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं.

म्हणजे या वेळी कागद अहवाल नसून जाहिरात किंवा माहितीपत्रक असेल, जपानी लिपीत, साठच्या दशकातल्या वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात. इंग्रजी शब्दांनी सुरुवात करायची नाही. उपकरणाचं नाव जपानी लिपीत अवतरणात, ‘साइट’मध्ये जपानचं राष्ट्रीय डोमेन, आणि समांतरपणे त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहाची स्वतःची शोधखिडकी. जपानी वाचता येणारी व्यक्ती टीममध्ये हवी, ती मागणी आज केली.